कारिटाचं कूळ

वनस्पतिसंग्रहालयातला एखादा जुना कागद डोळ्यांसमोर आणा. त्यावर वाळवून शिवलेला वेल असतो: हाताला खरखरीत लागणारी पानं, वेटोळं घालून तसेच वाळलेले तणावे आणि सुरकुतून सुपारीएवढं उरलेलं एक फळ. उजव्या कोपऱ्यात गोळा करणाऱ्याची चिठ्ठी. तिच्यावर गावाचं नाव, तारीख आणि ‘बांधावर, फळ फार कडू’ एवढा शेरा. खरी गंमत त्या चिठ्ठीच्या वरच्या भागात आहे. तिथं निरनिराळ्या शाईतल्या, निरनिराळ्या दशकांतल्या ओळखचिठ्ठ्या लागलेल्या असतात. पहिली म्हणते, कुक्युमिस ट्रायगोनस. दुसरी म्हणते, कुक्युमिस कॅलोसस. तिसरी दोघांनाही मोडीत काढते आणि लिहिते, कुक्युमिस मेलो, उपजाती अ‍ॅग्रेस्टिस. म्हणजे हे तर रानटी खरबूजच. आणि अलीकडची, संगणकावर छापलेली चौथी चिठ्ठी परत ट्रायगोनसवर येते. जुनी चिठ्ठी काढायची नाही, नवी शेजारी लावायची, असा या कामातला शिरस्ता आहे. त्यामुळे मतभेद कागदावर जसेच्या तसे शिल्लक राहतात.

हे पुस्तक खरबुजाच्या रानातल्या भाऊबंदांबद्दल आहे, म्हणून ते या चिठ्ठ्यांबद्दलही आहे. वेलीला काय म्हणायचं हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. पण या गटात नावाबरोबर नातं ठरतं, आणि नातं ठरलं की कोणतं बियाणं जपायचं, कोणाचा कोणाशी संकर करून पाहायचा, कोणत्या डोंगरावर पुन्हा जायचं, हेही ठरतं. वाचकानं पुढची प्रकरणं उघडण्याआधी हा नावांचा गुंता एकदा नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आधी घरातल्या ओळखी स्पष्ट करून घेऊ. काकडी, खरबूज, कलिंगड, दोडका, कारलं, पडवळ, तोंडली, भोपळा हे सगळे एकाच कुलातले. शास्त्रात त्याला कुकर्बिटेसी म्हणतात. कुलात अनेक प्रजाती, प्रजातीत अनेक जाती. वर्तमानपत्रांत हल्ली ‘प्रजाती’ हा शब्द जातीसाठीच वापरतात. इथं तो जुन्या, शिस्तीच्या अर्थानं आहे. आपली प्रजाती आहे कुक्युमिस. कलिंगड तिच्यात नाही, कारलं नाही, करटोलीही नाही. काकडी आहे. आणि खरबूज, कोकणातला चिबूड, देशावरच्या शेतातलं शेंदाड, उत्तरेतली फूट, लांबलचक टरकाकडी, राजस्थानात वाळवून कुटून भाजीत घालतात ती काचरी, हे सगळे मिळून एकच जाती आहे: कुक्युमिस मेलो. श्रावण-भाद्रपदात पिकून आपोआप तडकणारा, पिठूळ गराचा, गूळ-नारळाच्या रसाशिवाय ज्याला फारशी चव नाही असा चिबूड आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळूत पिकणारं सुगंधी, जाळीदार सालीचं खरबूज यांना एकच शास्त्रीय नाव आहे, हे अनेकांना पटत नाही. पण दोघांचा संकर सहज होतो आणि त्या संकराला सुपीक बी धरतं. वाळूक या शब्दाची आणखी एक पंचाईत आहे. काही भागांत तो मेलोच्या एखाद्या वाणाला लावतात, काही भागांत सरळ काकडीला. त्यामुळे नुसत्या ‘वाळूक’ या नोंदीवरून शास्त्रीय नाव लावायला जाऊ नये.

राहिलं कारीट. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की तुळशीपुढे पायाच्या अंगठ्यानं फोडतात ते. कोकणात आणि गोव्यात त्याचा मान आहे. काही ठिकाणी त्यालाच चिराटं म्हणतात. लिंबाएवढं किंवा त्याहून लहान, हिरवट पट्ट्यांचं, पिकल्यावर पिवळं, जिभेला लागलं की तोंड वाईट करणारं. दिवाळीच्या आदल्या दिवशी बाजारात वाट्यावर विकायला येतं आणि नंतर वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. वनस्पतींच्या याद्यांत या एका फळाला निरनिराळ्या लेखकांनी ट्रायगोनस, कॅलोसस, प्युबेसन्स, मेलोची उपजाती अशी नावं लावली आहेत. एका फळाला इतकी नावं का पडली, याचं उत्तर शोधायला अडीचशे वर्षं मागं जावं लागतं.

वनस्पतींच्या नावांचा कायदेशीर आरंभ १ मे १७५३ मानला जातो. त्या वर्षी लिनीअसचा ‘स्पीशीज प्लँटारम’ प्रसिद्ध झाला आणि त्याआधीची सगळी लांबलचक लॅटिन वर्णनं नाव म्हणून बाद झाली. या ग्रंथात कुक्युमिस मेलो आहे, काकडीचा कुक्युमिस सटायव्हस आहे. त्यात आणि लिनीअसच्या पुढच्या लिखाणात दुदाइम, चाटे, फ्लेक्झुओसस अशा वेगवेगळ्या जातीही आहेत, ज्या आज सगळ्या मेलोत जमा आहेत. उलट आपलं इंद्रायणही लिनीअसनं कुक्युमिसमध्येच घातलं होतं. ते नंतर कलिंगडाच्या प्रजातीत गेलं. समोर आलेलं फळ आकारानं, रंगानं, वासानं वेगळं दिसलं की नवी जाती, ही त्या काळची रीत होती. बागेतल्या फळांच्या बाबतीत ती फसवी ठरली, कारण बागेतला वेगळेपणा माणसानं निवडून निवडून तयार केलेला असतो.

पुढचं शतकभर याच रीतीनं नावांची खैरात झाली. तीत भारताचा वाटा मोठा आहे. तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधले धर्मोपदेशक रॉटलर यांनी १८०३ मध्ये ब्रायोनिया कॅलोसा हे नाव प्रसिद्ध केलं. त्याचाच पुढे कुक्युमिस कॅलोसस झाला. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ त्यांच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये पूर्ण छापला गेला. त्यात फुटीसाठी मोमॉर्डिका, काकडीसारख्या खाल्ल्या जाणाऱ्या वाणासाठी युटिलिसिमस आणि एका रानटी, अस्पष्ट तीन कडांच्या फळासाठी ट्रायगोनस अशी नावं आहेत. रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांवर रंगीत चित्रं काढून घेतली होती. वाळलेल्या नमुन्यात फळाचा रंग उडतो, पट्टे नाहीसे होतात. चित्रात ते राहतात. या गटात तर अशी चित्रं कित्येकदा नमुन्यापेक्षा जास्त सांगून जातात.

मग पॅरिसमध्ये चार्ल्स नॉदँ या गृहस्थांनी सगळा बाजार आवरायला घेतला. हे काम मला या सबंध इतिहासात सर्वांत देखणं वाटतं. नॉदँ यांनी पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या बागेत ठिकठिकाणांहून आलेलं बियाणं पेरलं, दोन हजारांहून अधिक जिवंत वेल वाढवले आणि त्यांचे आपापसांत संकर केले. ज्यांच्या संकराला निर्वेधपणे बी धरलं ते एकाच जातीचे, असा सरळ निकष लावला. १८५९ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला आणि दुदाइम, चाटे, फ्लेक्झुओसस, मोमॉर्डिका अशी सगळी सोंगं गळून पडली. उरली एक जाती आणि तिच्यात दहा गट. पुढच्या अभ्यासकांनी हे गट कमी-जास्त केले. मिशेल पित्रा यांनी २००० मध्ये सोळा आणि २०१६ मध्ये एकोणीस गट मांडले. पण ही सगळी एकाच घरातली वाटणी आहे. घर एकच, हा नॉदँ यांचा निकाल आजवर टिकला आहे.

मात्र त्याच प्रबंधात एक खण असा होता, ज्यात पुढे काय वाट्टेल ते कोंबलं गेलं. लहान, कडू, बांधावरच्या रानटी फळांना नॉदँ यांनी मेलोचीच एक उपशाखा मानलं आणि तिला अ‍ॅग्रेस्टिस, म्हणजे शेतातली, असं नाव दिलं. बागेतल्या फळांचं खरं रूप त्यांनी संकर करून तपासलं होतं. रानातल्या सगळ्या फळांचं तसं तपासणं त्यांना शक्यच नव्हतं; जगभरच्या रानातलं बियाणं पॅरिसला पोचलेलंच नव्हतं. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटोपशीरपणाची हौस वाढली, तसतसा हा खण भरत गेला. ट्रायगोनस त्यात, कॅलोसस त्यात, ऑस्ट्रेलियात फर्डिनांड फॉन म्युलर यांनी नाव दिलेला पिक्रोकार्पसही त्यात. माझा मुख्य आक्षेप इथं आहे. या प्रजातीत जास्त नावं दिल्यानं जे नुकसान झालं, त्यापेक्षा जास्त नुकसान नावं बुडवल्यानं झालं. नाव जास्त असलं तर निदान कोणीतरी ते तपासायला जातो. नाव ‘समानार्थी’ म्हणून यादीच्या तळाशी गेलं की त्या वेलीसाठी कोणी रानात जात नाही, तिचं बी कोणी वेगळ्या पाकिटात भरत नाही. गोड फळांच्या नावांचा पसारा झाला आणि तो आवरताना कडू फळंही त्याच पसाऱ्यात मोजली गेली.

उपजाती ठरवायची ती कशावरून? इथं जरा जवळून बघू. कुक्युमिसच्या मादी फुलाला पाकळ्यांच्या खाली एक इवलंसं फळ जन्मतःच असतं, ते किंजपूट. सकाळी उमललेलं असं फूल भिंगाखाली धरलं तर किंजपुटावर दाट लव दिसते. काही वेलींत हे केस लांब आणि ताठ उभे असतात, काहींत आखूड आणि सालीला चिकटून बसलेले. चार्ल्स जेफ्री यांनी १९८० मध्ये आणि जोसेफ कर्कब्राइड यांनी १९९३ मध्ये याच खुणेवर मेलोच्या दोन उपजाती उभ्या केल्या: उभ्या केसांची मेलो, आडव्या केसांची अ‍ॅग्रेस्टिस. कर्कब्राइड यांचा प्रबंध कष्टाचा आहे. त्यात कुक्युमिसच्या बत्तीस जातींची बारकाईनं वर्णनं आहेत, आणि फुलांच्या, बियांच्या तपशिलासाठी तो आजही हाताशी ठेवावा लागतो. पण फळ वाढू लागलं की हे केस झडतात. फुलाशिवाय, नुसत्या फळासह गोळा केलेल्या नमुन्यावर ही खूण सापडतच नाही. आपल्याकडचे बरेचसे जुने नमुने नेमके तसेच, दिवाळीच्या सुमारास फळं दिसू लागल्यावर गोळा केलेले आहेत.

दुसरी खूण गुणसूत्रांची. खरबुजाची गुणसूत्रं चोवीस, काकडीची चौदा. या एका आकड्यानं कित्येक दशकं सगळ्यांना भुरळ घातली. चोवीसवाल्या रानटी जाती आफ्रिकेत भरपूर, म्हणून खरबूज आफ्रिकेचं. चौदावाली काकडी एकटी, म्हणून ती आशियाची आणि दूरची. तसे दोन उपगटही पाडले गेले. पण पूर्व हिमालयाच्या बाजूला सापडणारी आणि भारतीय कुकर्बिटेसीचे अभ्यासक चक्रवर्ती यांनी १९५२ मध्ये नाव दिलेली हिस्ट्रिक्स ही जाती दिसायला काकडीच्या वळणाची, आणि तिची गुणसूत्रं मात्र चोवीस निघाली. नानजिंगच्या चेन जिनफंग यांनी तिचा काकडीशी संकर करून दाखवला आणि त्यातून २००० मध्ये हायटिव्हस नावाची माणसानं घडवलेली नवी जातीच नोंदवली गेली. पुढे २००९ मध्ये काकडीचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कळलं की काकडीच्या सात जोड्यांपैकी पाच जोड्या पूर्वजाच्या दहा गुणसूत्रांच्या एकत्र येण्यातून बनलेल्या आहेत. म्हणजे आकडा वेगळा असला तरी घराणं वेगळं नव्हतं.

डीएनएच्या अभ्यासानं २००७ पासून या सगळ्याची उलथापालथ केली. त्या वर्षी दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की कुक्युमिसच्या आसपास मांडलेल्या काही छोट्या प्रजाती खरं तर कुक्युमिसच्या पोटातच मोडतात. त्यांत एक आपल्या घरची आहे. डायसेलोस्पर्मम ही प्रजाती पश्चिम घाटाबाहेर कुठंच नव्हती, आणि तिच्यात जाती एकच: रिचीआय. बेळगाव भागात वनस्पती गोळा करणाऱ्या रिची यांचं नाव सी. बी. क्लार्क यांनी तिला दिलं होतं. प्रजाती बुडाली आणि जाती कुक्युमिस रिचीआय झाली. इथं नामकरणाच्या नियमांनी एक छोटा तिढा टाकला. पश्चिम घाटातल्याच दुसऱ्या एका वेलीला चक्रवर्ती यांनी मेलोथ्रिया रिचीआय असं नाव दिलेलं होतं, त्याच रिचींवरून. वेगवेगळ्या प्रजातींत असेपर्यंत दोन रिचीआय सुखानं नांदत होत्या. दोघी कुक्युमिसमध्ये आल्या, आणि एका प्रजातीत एक नाव दोघींना देता येत नाही. क्लार्क यांचं नाव आधीचं म्हणून ते राहिलं. चक्रवर्ती यांच्या वेलीसाठी नवं नाव घडवावं लागलं, कुक्युमिस इंडिकस. जुन्या पुस्तकात ‘रिचीआय’ वाचलं तर आधी कोणाचा, हे विचारायला हवं.

याहून मजेदार प्रवास एका अगदी सामान्य वेलीचा आहे. कुंपणावर चढणारी, वाटाण्याएवढ्या लाल फळांची ही वेल भारतभर आढळते. लिनीअसनं १७५३ मध्ये मद्रासवरून तिचं नाव कुक्युमिस मॅडरासपॅटॅनस ठेवलं. नंतरच्यांना एवढ्याशा फळाची वेल काकडीच्या प्रजातीत असणं रुचलं नाही. ती ब्रायोनियात गेली, मेलोथ्रियात गेली, मग मुकिया नावाच्या प्रजातीत स्थिरावली. महाराष्ट्रातल्या बहुतेक वनस्पतिसूचींत ती मुकिया म्हणूनच भेटेल. २००७ नंतर ती परत कुक्युमिसमध्ये आली, लिनीअसनं दिलेल्या मूळ नावानिशी. आफ्रिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ज्या वेली याच नावाखाली मोडल्या जात होत्या, त्या मात्र निराळ्या जातींच्या निघाल्या.

सर्वांत मोठा धक्का २०१० चा. पॅट्रिझिया सेबास्टियन, हॅनो शेफर, इयान टेलफर्ड आणि सुझान रेनर यांनी आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियातले कुक्युमिसचे सुमारे शंभर नमुने डीएनएवरून तपासले. निष्कर्ष असा की खरबूज आणि काकडी दोघांचंही मूळ आशियात आहे, आणि खरबुजाचा रानटी पूर्वज भारतात सापडतो. आशिया-ऑस्ट्रेलियाच्या शाखेत निदान पंचवीस जाती आहेत आणि त्यांतल्या नऊ तोवर शास्त्राला माहीतच नव्हत्या. खरबुजाची सख्खी बहीण ठरली ती ऑस्ट्रेलियातली पिक्रोकार्पस, म्हणजे म्युलर यांची तीच वेल, जी अ‍ॅग्रेस्टिसच्या खणात बुडवलेली होती. दोघींची फारकत साधारण तीस लाख वर्षांपूर्वीची. म्युलर मेलबर्नचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी एका कडू फळाला वेगळं मानलं होतं आणि ते बरोबर होतं.

भारतातल्या पूर्वजाला काय म्हणायचं यावर मात्र एकमत व्हायला तयार नाही. २०१३ मध्ये त्रिशूरचे के. जोसेफ जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादवही होते, भारतभर हिंडून कुक्युमिस कॅलोसस हाच खरबुजाचा रानटी पूर्वज असल्याचं मांडलं. २०१८ मध्ये जॉन एंडल, शेफर आणि इतरांनी, ज्यांत दिल्लीचे अरुण पांडे होते, वेगळं चित्र काढलं. आजची खरबुजं दोन शाखांतून आली: एक आशियाई, एक आफ्रिकी. दोन्ही शाखा सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, म्हणजे माणसानं खरबूज एकदा नव्हे तर दोन खंडांत निरनिराळं माणसाळवलं. आफ्रिकी शाखेला त्यांनी मेलॉइडिस असं नवं उपजातीनाव दिलं. किंजपुटावरच्या केसांवर उभारलेली जुनी विभागणी या मांडणीत उरली नाही. आणि रॉक्सबर्ग यांचा ट्रायगोनस त्यांनी वर काढला: भारतातली, बहुवर्षायू, पाण्याचा ताण सोसणारी, खरबुजाच्या अगदी जवळची पण स्वतंत्र जाती.

माझं मत विचाराल तर दोन्ही गट बहुधा दोन निरनिराळ्या वेलींकडे बोट दाखवत आहेत. पावसाबरोबर उगवून दिवाळीनंतर मरणारी, खरबुजाशी सहज संकर होणारी बांधावरची वेल एक. जाड मुळावर वर्षानुवर्षं टिकणारी, उन्हाळ्यात वाळून पावसाळ्यात त्याच बुडख्यातून फुटणारी वेल दुसरी. वाळलेल्या कागदावर दोघी सारख्याच दिसतात, कारण गोळा करणारा मूळ खणत नाही. वरचा हातभर वेल तोडतो आणि पुढं जातो. त्या चार चिठ्ठ्यांचं भांडण बऱ्याच अंशी न खणलेल्या मुळाचं आहे.

रानटी म्हणजे नेमकं काय, हाही प्रश्न आहेच. मराठवाड्यात ज्वारी-कपाशीत आपोआप उगवणारी शेंदाडं रानटी म्हणायची की कधीकाळी शेतातून सुटलेली? मधमाशीला बांध कळत नाही. चिबडाच्या मळ्याशेजारी कारिटाची वेल असली की पुढच्या वर्षी बांधावर लिंबाएवढ्या कडू फळापासून वीतभर मचूळ फळापर्यंत सगळे मधले नमुने उगवतात. अशा जागेचे नमुने नवी जाती म्हणून वर्णन करण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पुस्तकात अशा मिश्र वसाहतींना मी नाव दिलेलं नाही. त्यांचं वर्णन दिलं आहे.

जुन्या वाङ्मयाचा पुरावाही या शास्त्रात येतो, आणि तो जपून वापरावा लागतो. महामृत्युंजय मंत्रातलं उर्वारुक देठातून सुटतं. पिकल्यावर देठाशी आपोआप सुटणं हा खरबुजाच्या कित्येक वाणांचा गुण आहे, काकडीचा नाही. त्यामुळे उर्वारुक म्हणजे काकडी हा रूढ अर्थ वनस्पतिशास्त्राच्या बाजूनं लंगडा पडतो. युरोपातही असंच झालं. ज्यूल्स जॅनिक, हॅरी पॅरिस आणि डेव्हिड पॅरिश यांनी २००७ मध्ये भूमध्य प्रदेशातली प्राचीन चित्रं आणि ग्रंथ तपासून दाखवलं की रोमन लोकांचं कुक्युमिस म्हणजे आजची काकडी नव्हती. ते लवदार, लांब खरबूज होतं, आपल्या टरकाकडीच्या जातीचं. सम्राट टायबेरियससाठी चाकांच्या वाफ्यांत वर्षभर पिकवलं जायचं तेही हेच. खरी काकडी तिकडं कित्येक शतकांनी पोचली आणि आयतं नाव घेऊन बसली.

आता या सगळ्याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असं कोणी विचारेलच. भुरी या बुरशीरोगाचं उदाहरण पुरे आहे. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातल्या खरबुजांवर भुरी अशी पडली की मळेच्या मळे बसले. प्रतिकाराचा गुण सापडला तो भारतातून नेलेल्या खरबुजाच्या बियाण्यात, आणि त्यातून १९३० च्या दशकात पीएमआर ४५ हे वाण तयार झालं. मोमॉर्डिका गटातलं, भारतातूनच गेलेलं पीआय ४१४७२३ हे बियाणं मावा, विषाणू आणि भुरी यांच्या प्रतिकारासाठी जगभरच्या पैदासकारांनी वापरलं आहे. ही फळं खायला फारशी बरी नव्हती. बाजाराच्या हिशेबानं ती जपण्याचं काही कारण नव्हतं.

चुकीच्या वंशावळीनं पैदासकारांचा वेळही खाल्ला. खरबूज आफ्रिकेचं, असं मानल्यामुळे त्याचा संकर आफ्रिकेतल्या रानटी जातींशी करण्याचे प्रयत्न कितीतरी वर्षं चालले. काटेरी मेट्युलिफेरस, जिचं फळ किवानो म्हणून विकतात, ती मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाद देत नाही. तिचा तो गुण खरबुजात आणायची सगळ्यांना घाई. संकर जमत नव्हते. आज त्याचं कारण दिसतं: आफ्रिकेची शाखा आणि खरबुजाची शाखा सुमारे सव्वा कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या. जवळची माणसं आशियात आणि ऑस्ट्रेलियात होती, आणि त्यांची नावं तळटिपांत पडून होती. ट्रायगोनससारखी दुष्काळ सोसणारी, जाड मुळाची जाती खरबुजाच्या इतक्या जवळ असताना तिचं बी बियाणेपेढ्यांत वेगळ्या नावानं ठेवलं जात नव्हतं, ही मला या विषयातली खरी हळहळ वाटते.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडं. भारतातल्या कुकर्बिटेसीची रेनर आणि पांडे यांची २०१३ ची सूची, जीत चारशे नावांची छाननी करून ९४ जाती मान्य केल्या आहेत, ती मी आधाराला घेतली आहे. जिथं २०१८ चं संशोधन तिच्यापुढं जातं तिथं नवं नाव घेतलं आहे आणि जुनी नावं लगेच खाली दिली आहेत. कुक या जुन्या सूचीकाराच्या आणि त्यांच्यानंतरच्या वनस्पतिसूची वापरणाऱ्याला दुवा सापडावा म्हणून. कॅलोसस हे नाव मी वर्षायू वेलीसाठी, अवतरणचिन्हांत वापरलं आहे. स्थानिक नाव जिथं ऐकलं त्या तालुक्यासह नोंदवलं आहे. कारीट या शब्दापुढं एकच शास्त्रीय नाव तुम्हाला सापडणार नाही, कारण दिवाळीच्या बाजारात एका टोपलीतही दोन जातींची फळं मिसळलेली असतात.

आणि जे स्वतः शोधायला निघतील त्यांच्यासाठी: मादी फुलाचा फोटो किंजपुटासह घ्या, उमलल्याच दिवशी. पिकलेलं फळ वाळवण्याआधी त्याच्या पट्ट्यांचा रंग लिहून ठेवा. चव बघायचीच तर गर जिभेच्या टोकाला लावून थुंका. ही कडू चव आणणारं कुकर्बिटासिन जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. कुदळ बरोबर ठेवा. मूळ तर्जनीपेक्षा जाड निघालं तर ते तसंच मातीत दाबून जागेला खूण करा आणि वैशाखात त्या जागी परत जा, कारण बुडखा तेव्हा जिवंत आहे की नाही, हे कळल्याशिवाय चिठ्ठीवर नाव लिहिण्यात अर्थ नाही.